विहिरीएवढं बेट

थिन्नकराच्या नोकरीत माझं कागदावरचं पद 'कॅम्प सुपरवायझर' होतं. मालवणात आई शेजारीपाजारी सांगायची, 'झील लक्षद्वीपाक बोटीर असता.' यातलं काहीच कामाला धरून नव्हतं. दिवसाचा निम्मा वेळ मी पाणक्या होतो. टाकीत पाणी किती, विहिरीची पातळी कुठं, अगत्तीहून जार किती आले, त्यातले स्वयंपाकघरानं किती उडवले, आणि कुठल्या तंबूतली मंडळी समुद्रातून बाहेर आली की वीस-वीस मिनिटं शॉवरखाली उभी राहतात, याची वही माझ्याकडं असे. पाहुण्यांना ही वही दिसत नसे. त्यांना दिसायची पांढरी पुळण, निळं-हिरवं पाणी आणि माडांच्या सावलीत ओळीनं उभ्या राहुट्या. त्याचेच तर ते पैसे मोजत.

मी मूळचा समुद्रावरचाच. तारकर्लीला स्कुबाचं प्रशिक्षण घेतलं आणि पुढं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या बोटींवर काही हंगाम काढले. मे महिन्यात तिथं अशी झुंबड उडायची की पाण्याखाली मासे कमी आणि माणसंच जास्त दिसत. ओळखीतून लक्षद्वीपच्या कॅम्पचं काम चालून आलं, तेव्हा 'निर्जन बेट' एवढं ऐकूनच मी हो म्हटलं. पगारात फारसा फरक नव्हता.

लक्षद्वीपची 36 बेटं एकत्र केली तरी जमीन भरते 32 चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर. थिन्नकरा त्यांत येत नाही. अगत्तीहून होडीनं पाऊण-एक तास गेलं की प्रवाळाचा एक कंकणाकृती कडा लागतो. त्याच्या आत उथळ, शांत पाणी, आणि त्या पाण्यात बंगारम, थिन्नकरा आणि परळी नावाचे चिमुकले तुकडे. परळी ऐकलं की मराठवाड्यातला पाहुणा 'मग वैजनाथ कुठाय?' हे विचारतोच. थिन्नकरावर गाव नाही, दुकान नाही, रस्ता नाही. माड अगत्तीच्या लोकांचे. नारळ उतरवायला ते होडीनं येतात, चार दिवस झोपडीत राहतात आणि परत जातात. बेटाची उंची समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटर. डोंगर सोडाच, चढ म्हणावा असा उंचवटाही नाही.

आमच्या मालवणात रात्री जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारा सुटतो. मच्छीमारांचं घड्याळ त्यावर चालतं. इथं मतलई सुटायला जमीनच पुरेशी नाही. वारा येतो तो समुद्राचा, जातो तो समुद्राकडं. पहिल्या हंगामात मला झोप लागायची नाही ती याच कारणानं. रात्री वाऱ्याची कूस बदलत नाही हे अंगाला पटत नव्हतं.

इथं यायचं तर आधी परवाना. बेटांबाहेरच्या कुणालाही प्रवेशासाठी आणि राहण्यासाठी परवाना लागतो. हे नियम 1967 सालचे आहेत. मग कोचीहून जहाज, नाहीतर अगत्तीचं विमान. अगत्तीची धावपट्टी साधारण 1,200 मीटरची, त्यामुळं तिथं छोटीच विमानं उतरतात आणि सामानाच्या वजनावर मर्यादा येते. 2024 मध्ये गोव्याहूनही विमान सुरू झालं आणि आमच्याकडं मराठी पाहुणे वाढले. त्याच वर्षी जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला येऊन गेले होते. त्यांचे पुळणीवरचे फोटो देशभर पाहिले गेले आणि कॅम्पचा फोन वाजायचा थांबेना.

विमानात वजनाची मर्यादा असूनही माणसं चाकांच्या बॅगा घेऊन येतात. चाकं वाळूत चालत नाहीत हे होडीतून उतरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय होडी काही किनाऱ्याला टेकत नाही. ओहोटी असली तर पन्नास-शंभर पावलं अलीकडंच थांबते आणि गुडघाभर पाण्यातून चालत यावं लागतं. आमची पोरं बॅगा डोक्यावर घेत. मुंबईच्या एका काकांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, 'अहो, जेट्टी नाही का?' मी म्हटलं, 'काका, जेट्टी असती तर तुम्ही इथं आला असता का?' त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण बूट काढून हातात घेतले.

ही ओहोटी टाळायची म्हणजे वेळ जुळवायची. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. हे गणित मी थिन्नकरावर चालवायला गेलो तर मेळ पुढंमागं व्हायचा. एक तर ठिकाण बदललं, आणि दुसरं, त्या भागात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक चांगली चढते, दुसरी हात राखून. आमच्या होडीचा तांडेल अगत्तीचा, साठीच्या आसपासचा. मी त्याला इक्का म्हणायचो, तो मला 'मोने' म्हणायचा, म्हणजे पोरा. त्याला तिथी ठाऊक नव्हती, पण चांदाची तारीख तोंडपाठ असे. त्याचा महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, आपला शुक्लपक्ष अमावास्येनंतर लगेच. त्यामुळं दोघांच्या हिशोबात एखाद्या दिवसाचाच फरक. माझी पंचमी ती त्याची चौथी. हा धागा सापडल्यावर आमचं सूत जमलं. मी तिथी सांगायची, त्यानं एक वजा करायचा, समुद्राकडं बघायचं आणि बोटं दाखवायची: दहा, साडेदहा. मोबाइलमध्ये भरतीचे तक्ते मिळत होते आणि बरोबरही असत. पण नेटवर्कचा भरवसा नसे, इक्काचा होता.

आता तंबू. जाहिरातीत तंबू म्हटला की कापड, दोन बांबू आणि बाहेर कंदील. प्रत्यक्षात प्रवाळाच्या वाळूत खुंटी धरतच नाही. ती वाळू भरड आणि हलकी असते. खुंटी ठोकली की जाते झटकन आणि तितक्याच झटकन निघते. म्हणून पोत्यात वाळू भरून ते पोतं हातभर खोल आडवं पुरायचं आणि तणावा त्या पोत्याला बांधायचा. नायलॉनची दोरी दवानं ओली झाली की सैल पडते, त्यामुळं रोज दिवेलागणीला प्रत्येक तंबूला फेरी मारून तणावे आवळायचे. पाहुण्यांना वाटे, मी चौकशीला आलोय. तंबूच्या चेन मिठानं अडकतात; त्यांवर मेणबत्ती घासली की पंधरा दिवस सुटसुटीत चालतात. ही युक्ती केरळच्या एका पोरानं शिकवली. मी ती पुढं देवबागच्या एका न्याहारी-निवासवाल्याला सांगितली.

सावली फक्त माडाची, आणि माडाखाली तंबू लावणं म्हणजे डोक्यावर नारळ घेणं. हंगाम सुरू होण्याआधी पाडेली आणून तंबूंवरच्या माडांचे सगळे घड उतरवून घ्यायचे, सुकलेल्या झावळ्याही काढायच्या, आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा वर बघत चालायचं. त्यासाठी माडाच्या मालकाची परवानगी, उतरलेल्या नारळांचा हिशोब, पाडेल्याची मजुरी. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, 'माड असे बोडके का?' मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, 'फोटोत नारळ हवे होते.'

बेटावर साप नाहीत, कुत्रीही नाहीत. उंदीर मात्र आहेत, आणि ते माडाच्या शेंड्यात राहतात. कोवळे नारळ पोखरून टाकतात, म्हणून बागायतदारांचं त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. आमचं वैर वेगळ्या कारणानं. 'तंबूत खाण्याची वस्तू ठेवू नका' हे मी प्रत्येक होडीला सांगायचो आणि प्रत्येक होडीत बाकरवडी असायचीच. एका रात्री पुण्याच्या एका जोडप्याच्या तंबूचा तळच कुरतडला गेला. बॅगेच्या आतल्या पिशवीच्या आतल्या डब्याच्या झाकणावर दातांचे ठसे होते. वहिनी मला म्हणाल्या, 'दादा, डबा घट्ट होता हो.' दुसरी रात्रीची तक्रार पावलांच्या आवाजाची. कोरड्या झावळ्यांवरून शंख पाठीवर घेऊन खेकडे खरवडत जातात. आवाज माणूस चालल्याचा वाटतो. निर्जन बेटावर चोर शिरला म्हणून मला किती वेळा उठवलं असेल!

पण हे सगळं चालून जायचं. विहिरीचं चालून जायचं नाही.

प्रवाळाची वाळू सच्छिद्र असते. पावसाचं पाणी तिच्यातून सरळ खाली जातं. ओढा नाही, नदी नाही, तळं म्हणावं तर बंगारमला मधोमध एक मचूळ पाण्याचं आहे तेवढंच. खाली पाणी अडवायला कातळही नाही. खाली समुद्रच. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून बेटाच्या पोटात ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. खाऱ्या पाण्याची घनता गोड्याच्या 1.025 पट धरली, तर समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी वीतभर असलं की खाली चाळीस विती असतं. घायबेन आणि हर्ट्झबर्ग या दोघांच्या नावानं हे गणित भूजलाच्या पुस्तकांत आहे. चाळीसपट ऐकून माणूस खूश होतो. मी ते उलटं वाचायला शिकलो: वरून पातळी बोटभर उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस बोटं वर चढायला मोकळं. आणि छोट्या बेटावर भरती-ओहोटी हे दोन्ही थर रोज घुसळत असते, त्यामुळं पुस्तकाइतकंही गोडं पाणी हाताला लागत नाही.

हे मी कितीही चांगलं समजावलं तरी माण तालुक्यातून आलेल्या एका आजींनी ते जसं सांगितलं, तसं मला जमलं नाही. लेक-जावयाबरोबर आल्या होत्या. पोहायचा प्रश्नच नव्हता. नऊवारी सावरत माझ्यामागं विहिरीवर आल्या. विहीर म्हणजे काय, पुरुषभर खोलीचा खड्डा, प्रवाळाच्या तुकड्यांनी बांधलेला. वाकून बघितलं, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, 'दुधावरची साय हाय ही. वरनं वरनं काढायची. खाली पळी घातली की गेलं.' नंतर तीन दिवस त्यांनी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली, आणि उरलेल्या पाण्यात जावयाचे वाळूनं भरलेले पाय धुवायला लावले. जावई बहुराष्ट्रीय कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. बिचारा निमूट धुवत होता.

माझा दिवस पहाटे विहिरीवर सुरू व्हायचा. दोरीला गाठी मारून पातळी बघायची, कारण भरतीला विहीर वर येते आणि ओहोटीला उतरते. किनाऱ्यापासून आत असूनही तिला चंद्राचं सगळं कळतं. पातळी वर असताना छोट्या पंपानं थोडं थोडं उपसायचं. एकाच विहिरीवर ताण आणायचा नाही, आळीपाळीनं घ्यायचं. मग मीटर बुडवून पाण्यातले क्षार मोजायचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. आमच्या विहिरी पावसाळ्यानंतर हजाराच्या खाली असत. फेब्रुवारी उलटला की आकडा चढायला लागे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात, आणि डाळ तर कितीही शिट्ट्या काढा, दाण्याला दाणा तसाच. म्हणून डाळ आणि चहा जारच्या पाण्यात, बाकी सगळं विहिरीवर.

जार अगत्तीहून होडीनं येत. अगत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारं केंद्र आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं 2005 मध्ये कवरत्तीला पहिलं उभारलं आणि 2011 मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला. एका सुट्टीत मी ते बघायला गेलो होतो. साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी पाइपानं वर आणतात. वरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडलं की न उकळवताच त्याची वाफ होते, आणि ती वाफ गार पाण्याच्या नळ्यांवर धरली की गोडं पाणी. दिवसाला एक लाख लिटरची क्षमता. किनाऱ्याजवळच समुद्र एवढा खोल असणं ही या बेटांची मिळकत. आमच्या मालवणात तेवढी खोली गाठायची तर खूप आत जावं लागेल. तिथल्या माणसानं पेलाभर पाणी दिलं. कसलीच चव नव्हती. कितीतरी दिवसांत मी तसं पाणी प्यालो नव्हतो.

शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं आपल्याकडचे पाणीपुरवठ्याचे अभियंते धरून चालतात. वीस तंबू भरले म्हणजे चाळीस पाहुणे. सवयीनं वापरलं तर साडेपाच हजार लिटर, आणि ते दर दिवसाला. थिन्नकराच्या पोटात ते नव्हतं. म्हणून आम्ही शॉवर काढले आणि प्रत्येक तंबूला बादली-तांब्या दिला. यावर जे ऐकून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही. 'एवढे पैसे घेता आणि बादली?' हे सगळ्यांत सौम्य. मी वाद घालणं सोडून दिलं आणि संध्याकाळच्या बेटफेरीत विहीर घातली. तारामासा, केवड्याचं बन, मग विहीर. माणसं वाकून बघायची, पोरांना उचलून दाखवायची. दुसऱ्या दिवशी वहीत फरक दिसायचा. सांगून जे झालं नाही ते दाखवून झालं. फक्त नवविवाहित जोडप्यांवर या फेरीचा परिणाम होत नसे. त्यांच्या वाटचं पाणी मी मनातल्या मनात आधीच जादा धरत असे.

शौचालयं जैवटाकीची होती. आतले जिवाणू घाण पचवतात. पाहुण्यांपैकी कुणी स्वच्छतेच्या हौसेनं घरून आणलेलं फिनेल ओतलं की जिवाणू मरतात आणि पुढचे चार दिवस आमची पोरं नाकाला फडकं बांधतात. टाकीतून बाहेर पडलेलं पाणी मुरतं ते त्याच वाळूत, जिथं विहीर आहे. मधलं अंतर आम्ही ठेवलं होतं. पण ज्या जमिनीला कातळ नाही, तिथं अंतराचा भरवसा किती, हा प्रश्न मला रात्रीच्या उंदरांपेक्षा जास्त जागवायचा. कचऱ्याचं त्या मानानं सोपं. आलेल्या होडीतून आणलं, जाणाऱ्या होडीतून न्यायचं. लहान बाळांचे डायपर तेवढे कुणाला हात लावायला नको असत.

पाहुण्यांना मी पाण्याखालीही नेत असे. ते माझं मूळ काम. पोपटमासा प्रवाळावरचं शेवाळ ओरबाडताना दगडही चावतो, आणि तो पोटातून पीठ होऊन बाहेर पडतो. पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा आहे. हे सांगितल्यावर वाळूत लोळणारी मुलं क्षणभर थबकत आणि दुप्पट जोरानं लोळत. पण प्रवाळ असेल तर हे. 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. नव्या माणसाला पांढरं प्रवाळ सुंदर वाटतं. एका पाहुण्यानं तर मुद्दाम तिथं नेण्याची फर्माईश केली होती. कडा मेला की लाटा अडत नाहीत, नवी वाळू घडत नाही, आणि किनारा झिजतो. ज्या परळीवर वैजनाथाचे विनोद होतात, त्यातलं परळी-1 हे बेट 1968 च्या तुलनेत पूर्ण झिजून गेल्याचं संशोधकांनी 2017 मध्ये मांडलं. इक्काला ते बेट आठवतं. 'तिथं आम्ही जाळी वाळवायचो,' एवढंच तो म्हणाला, आणि इंजिनाची दोरी ओढली.

वादळाच्या बातमीला तंबू पाडायला आम्हाला दुपार पुरे. 2017 च्या डिसेंबरमधल्या ओखी वादळानं मिनिकॉय-कल्पेनीकडं काय केलं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं इशारा आला की कुणी चर्चा करत बसत नाही. मेच्या मध्यावर तर सगळंच आवरायचं. पावसाळ्यात छोट्या बोटींची ये-जा बंद होते. कापड धुऊन, वाळवून, उंदरांपासून वाचेल अशा पेट्यांत. हिरवी कासवं अंडी घालायला पुळणीवर येतात तीही बहुतेक याच दिवसांत, आमचे दिवे आणि माणसं नसताना. बेटाला ते चार महिने मिळतात म्हणून बाकीचे आठ चालवून घेतं, असं मला तिथं वाटू लागलं होतं.

फोन वाढले, तसा वरून निरोप आला: पुढच्या हंगामात तंबू दुप्पट करायचे. त्यासाठी एक साहेब पाहणीला आले. चांगला माणूस होता, ऐकून घेणारा. मी वही पुढं ठेवली. महिनावार पातळी, क्षार, बादल्या. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीनं या बेटांच्या विकासाला त्यांच्या वहनक्षमतेची मर्यादा घातली आहे, हेही माझ्या परीनं सांगितलं. साहेब म्हणाले, 'पाणी हा प्रश्नच नाही. आरओ बसवू. समुद्र आहे की एवढा.'

समुद्र होताच. पण आरओ चालवायला वीज लागते, विजेला जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेलची पिंपं त्याच होडीतून, त्याच गुडघाभर पाण्यातून डोक्यावर येणार. गोडं पाणी काढून उरलेलं दाट खारं पाणी कुठंतरी सोडावं लागणार, आणि कड्याच्या आतलं पाणी उथळ. साहेबांनी हे सगळं टिपून घेतलं. माझा खरा मुद्दा यापुढचा होता. पाणी बाहेरून आणता येईल, पण वापरलेलं पाणी कोणी बाहेर नेणार नाही. साडेपाच हजार लिटर आलं तर साडेपाच हजार लिटर साबण-शांपूसकट त्याच वाळूत मुरणार. अकरा हजार आलं तर अकरा. आज पाणी कमी आहे म्हणून घाणही कमी आहे. हे मी म्हटल्यावर साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, 'तुमचं शिक्षण काय?' मी म्हटलं, 'बारावी, आणि स्कुबा.' त्यांनी तेही टिपून घेतलं.

तंबू दुप्पट झाले नाहीत, दीडपट झाले. आरओ आला. शॉवर परत बसले आणि बेटफेरीतून विहीर गेली, कारण दाखवायचं कारण उरलं नाही. डाळ म्हणे आता दोन शिट्ट्यांत शिजते. मी एक हंगाम त्या नव्या व्यवस्थेत काढला. काम निश्चितच हलकं झालं होतं. मग घरची होडी आणि वडिलांचे गुडघे अशी दोन्हीकडून ओढ लागली आणि मालवणला परतलो. आता पुन्हा किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांना पाण्याखाली नेतो.

येताना क्षार मोजायचा मीटर इक्काला दिला. नारळ उतरवायला येणाऱ्या त्याच्या माणसांना आरओचं पाणी मिळत नाही. ती त्यांच्या झोपडीजवळच्या जुन्या विहिरीवरच असतात. इक्काला मीटरवरचं इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. महिन्यातून एकदा तो मीटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. मी मागच्या वहीत त्या विहिरीचा त्याच महिन्याचा आकडा शोधतो आणि उलट पाठवतो. मार्चमध्ये 1,400 होता, माझ्या वहीत 1,100. एप्रिलअखेर 1,900 आलाय. पाऊस यायला अजून महिना आहे, आणि इक्कानं विचारलंय की तोवर पोरांना अगत्तीचे जार द्यायला सुरुवात करू का. मी कर म्हटलंय.